वळवलेल्या काठाचा डबा

मी डबा आहे. स्टीलचा, फिरकीच्या झाकणाचा, एका माणसाची चटणी-भाजी मावेल एवढा. बोलायची मला सवय नाही. डब्याने आत जे ठेवलं ते सांभाळायचं, एवढंच त्याचं काम. पण सध्या माझ्या आत जे ठेवलंय ते सांभाळता सांभाळता जड झालंय, म्हणून बोलतोय. मी हळू बोलेन. ज्या माणसाबरोबर माझं आयुष्य गेलं तो फार हळू बोलायचा, त्याचीच सवय मला लागली.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. सपाट पत्रा होतो, मग दाबलं, फिरवलं, तोंडाला आटे पाडले. शेवटी एका कारागिराने माझा काठ बाहेर ओढून खाली वळवला. पत्र्याची धार जेवणाऱ्याच्या बोटाला लागू नये, म्हणून त्याने तसं केलं. त्याच्या मनात चांगलंच होतं. काठ वळवला की त्याच्या आत एक बारीक पोकळी राहते, सुईसुद्धा जाणार नाही एवढी. तिच्याकडे कोण बघतो? मीही बघितलं नव्हतं.

दिगंबरने मला बार्शीच्या बाजारात घेतलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. नुकताच तेलगिरणीत लागला होता आणि नुकतंच लग्न झालं होतं. दुकानदाराने विचारलं, "नाव काय घालू?" तेव्हा भांड्यावर नाव घालून घ्यायची रीतच होती. दिगंबर चौथीपर्यंत शिकलेला. दुकानदार टिकटिक करत ठिपक्यांनी अक्षरं पाडत होता, तेव्हा तो वाकून एकेक अक्षर तपासत होता. दि. ना. खटके. घरी नेऊन त्याने ते सुवर्णाला, त्याच्या बायकोला, दोनदा वाचून दाखवलं.

पुढची बत्तीस वर्षं माझ्यात एकच गोष्ट होती. शेंगदाण्याची चटणी. सुवर्णा दाणे खरपूस भाजायची आणि लसूण, तिखट, मीठ घालून उखळात कुटायची. तेल सुटून गोळा व्हायला लागला की तिचा हात थांबायचा. भाकरी फडक्यात बांधलेली आणि चटणी माझ्यात. गिरणीत दिवसभर दाणे भरडले जायचे, तेल निघायचं, पेंड उरायची. दिगंबरच्या अंगाला, सदऱ्याला, केसांना तोच वास. "ह्या दाण्यानं आपलं घर उभं केलंय," असं तो म्हणायचा. खरंच होतं ते. त्याचा एकुलता मुलगा अरुण त्याच तेलावर शिकला. पुण्याला गेला, कॉम्प्युटर शिकला आणि एके दिवशी अमेरिकेला निघून गेला.

सुवर्णा गेली त्यानंतर दिगंबर स्वतःच चटणी कुटायला लागला. तेल सुटलंय की नाही ते त्याला कळायचं नाही, तो कुटतच राहायचा.

२००४ साली अरुणने त्याला बोलावून घेतलं. फोनवर म्हणाला, "बाबा, निधीला दाण्याची ॲलर्जी आहे. तिच्यासाठी लाडू, चिक्की असलं काही आणू नका, बरं का." निधी म्हणजे अरुणची मुलगी, पाच वर्षांची. आजोबांनी तिला फक्त फोटोत पाहिलेलं. दिगंबरने सांगितलं तसंच केलं. तिच्यासाठी काही आणलं नाही. पण अरुणला आईच्या हातची चटणी आवडायची, म्हणून दोन दिवस खपून त्याने ती कुटली आणि मला गच्च भरलं.

न्यू जर्सीत पार्सिपनी म्हणून गाव आहे, तिथं अरुणचं घर. बॅग उघडून दिगंबरने मला टेबलावर ठेवलं, झाकण फिरवलं आणि हसून म्हणाला, "ओळख बरं, काय हाय?"

अरुणची बायको आसावरी गॅसपाशी होती. वास आला आणि तिने हातातली पळी टाकली. "बाबा, झाकण लावा! अरुण, निधीला वर ने. आधी वर ने तिला!"

दिगंबर झाकण हातात धरून उभाच राहिला. आपलं काय चुकलं ते त्याला कळेना. मग आसावरीने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेर नेलं, टेबल पुसलं, पुन्हा पुसलं आणि त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. निधी दोन वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला तिने बिस्किटाचा तुकडा खाल्ला होता. त्यात दाणे होते. तोंड सुजलं, ओठ निळे पडले, श्वास बंद व्हायला आला. अँब्युलन्स वेळेवर आली म्हणून.

"दाण्यानं?" दिगंबर म्हणाला. "आपल्या भुईमुगाच्या दाण्यानं?"

"हो बाबा. एवढासा कण पुरतो."

"उपासाला चालतोय की गं तो."

आसावरीला हसावं की रडावं कळेना. "त्याला आपला उपास कळत नाही ना, बाबा," ती म्हणाली.

चटणी कचऱ्यात गेली. आसावरीने मला साबणाने घासलं, उकळत्या पाण्यात बुडवलं, भांडी धुण्याच्या मशीनमध्ये तीनदा फिरवलं. मी आरशासारखा झालो. इतका मी नवा होतो तेव्हाही चमकलो नव्हतो. पण बत्तीस वर्षांचं तेल माझ्या काठात मुरलं होतं. त्या पोकळीत ना साबण पोचला, ना पाणी. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग काय? डब्याचं ठाऊक असणं डब्यातच राहतं.

"फेकून देऊ या का?" आसावरी म्हणाली. दिगंबरने माझ्यावरच्या नावावरून अंगठा फिरवला. ती पाहत होती. मग म्हणाली, "असू दे. पण खायचं काही ठेवायचं नाही हं यात."

तेव्हापासून माझ्यात त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि चष्मा राहायला लागला.

पार्सिपनीत दिगंबरला करण्यासारखं काही नव्हतं. गाडी चालवता येत नव्हती, इंग्रजी येत नव्हतं. दुपारी खिडकीशी बसून तो रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे रंग मोजायचा. पण त्याने एक गोष्ट मनावर घेतली. निधीच्या जवळ जाण्याआधी तो डॉक्टरसारखे कोपरापर्यंत हात धुवायचा. बार्शीचे सगळे कपडे त्याने पुन्हा धुऊन घेतले. डब्यावरची, पाकिटावरची 'पीनट' ही अक्षरं तो अरुणकडून ओळखायला शिकला. चौथी शिकलेल्या माणसाने साठीत शिकलेला हा एकच इंग्रजी शब्द. दुकानात गेलं की पाकीट उलटंपालटं करत तो तेवढाच शोधायचा आणि सापडला की साप दिसल्यासारखा मागे सरायचा.

तीन आठवड्यांनी आसावरीने संध्याकाळी त्याच्या हातात दहीभाताची वाटी दिली. "बाबा, आज तुम्ही भरवता का? माझी मीटिंग आहे."

त्या संध्याकाळी चष्मा काढायला त्याने मला उघडलं तेव्हा त्याच्या बोटांना दह्याचा वास होता. बार्शी सोडल्यापासून पहिल्यांदा मी त्याला गुणगुणताना ऐकलं. मग ते रोजचंच झालं. निधी इंग्रजीत बोलायची, तो मराठीत, आणि मधे भात.

"वन मोअर स्टोरी, आजोबा."

"एक घास, मग स्टोरी."

अमेरिकेत आपला काही उपयोग आहे असं त्याला त्या एका वाटीमुळे वाटत होतं.

उन्हाळ्यात नायगाऱ्याला जायचं ठरलं. भारतातून आईवडील आले की पार्सिपनीची मंडळी त्यांना चिनी कंपनीच्या बसने नायगारा दाखवून आणत. न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीतून बस निघायची, गाइड चिनी, प्रवासी बहुतेक चिनी, जेवायला थांबायचं तेही चिनी हॉटेलात. आणि अरुणने तिकिटं काढली नि दोनच दिवसांत त्याच्या ऑफिसात काम निघालं.

"यार, माझं रिलीज आहे, मला जमणार नाही. कॅन्सल करू या," तो म्हणाला.

"कॅन्सलच कर," आसावरी म्हणाली. "चिनी जेवणात दाणे असतात, तेल असतं. मला भाषा येत नाही. मी एकटी काय काय बघू?"

"एकटी कशी?" दिगंबर हळूच म्हणाला. "मी हाय की." निधीला त्याने धबधब्याचं वचन देऊन टाकलं होतं. पाणी कसं पडतं ते तो तिला रोज हाताने दाखवायचा.

अरुणच्या ऑफिसात मे लिन नावाची एक बाई होती. तिने एका कार्डावर चिनीत लिहून दिलं. अरुणने ते प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतलं आणि घरी त्याचा अर्थ सांगितला. 'या मुलीला शेंगदाणा चालत नाही. शेंगदाण्याचं तेल, त्याचा कण, तो लागलेली कढई, पळी, हात, काहीही चालत नाही. तिचा जीव जाईल. कृपा करून मदत करा.' ते कार्ड आणि मी एकाच पिशवीत होतो. रस्ताभर ते माझ्या अंगावर घासत होतं. त्याची भाषा मला येत नव्हती. पण अंग चोरून बसावं असं मला वाटत होतं.

बसमध्ये गाइड होता केविन. झेंडा घेऊन दर थांब्याला माणसं मोजायचा आणि दिगंबरपाशी आला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने आकडा म्हणायचा. दिगंबरही मग म्हणायचा, "सतरा! सतराच हाय मी, केविनराव." निधी खिदळायची.

मागच्या सीटवर एक चिनी म्हातारी होती. तिने प्रेमाने निधीपुढे एक पुडी धरली. खारे दाणे. आसावरी उभीच राहिली. तिने पर्समधलं, त्रास झाला तर टोचायचं इंजेक्शनचं पेन चाचपलं आणि दुसऱ्या हाताने कार्ड पुढे केलं. म्हातारीने डोळे बारीक करून ते वाचलं. तिचा चेहरा उतरला. पुडी घाईघाईने बंद करून तिने पिशवीच्या तळाशी घातली, आणि मग कार्ड मागच्या सीटवर दिलं. तिथून ते आणखी मागे गेलं. हातोहात ते बसच्या टोकापर्यंत जाऊन परत आलं. पुड्या, पिशव्या, खोके, सगळीकडे कुरकुर आवाज झाला आणि थांबला. पुढच्या थांब्याला ती म्हातारी आधी उतरून हात धुऊन आली आणि ओले हात निधीला दाखवले. आसावरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळ्या बसने आपापले दाणे लपवले होते. माझे मात्र माझ्याजवळच होते.

पहिल्या दिवशीच्या हॉटेलात मालकाने कार्ड वाचलं आणि हात हलवले. आमच्याकडे सगळ्याला एकच तेल, जमणार नाही, असं त्याने केविनमार्फत सांगितलं. निधीने घरून आणलेला ब्रेड खाल्ला, केळं खाल्लं. रात्रीचंही तेच. दुसऱ्या दिवशी धबधबा पाहिला. निधी निळा रेनकोट घालून आजोबांच्या कडेवर बसून ओरडत होती. दुपारी बस जेवायला थांबली तेव्हा घरून आणलेलं सगळं संपलं होतं आणि निधी भुकेने रडकुंडीला आली होती.

त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, केसांना जाळी, हातावर भाजल्याचे जुने डाग. तिने कार्ड दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा एकेका अक्षरावर बोट ठेवून. मग तिने दिगंबरला हाताने बोलावलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. वरच्या फळीवरून तिने नवी कढई काढली, ती घासली, त्याला दाखवली. तेलाची बंद बाटली आणली, त्यावरचं मक्याचं चित्र दाखवलं. हात घासले, तेही दाखवले. मग वाफाळता भात आणि कोबी. शेजारच्या शेगडीवर दुसरा आचारी काही परतत होता, त्याला तिने ओरडून लांब सरकवलं.

निधी पोटभर जेवली. आसावरी घड्याळाकडे बघत पेन मुठीत धरून बसली होती. पाच मिनिटं झाली. वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. काही झालं नाही.

"बाबा," आसावरी म्हणाली आणि पहिल्यांदा खुर्चीला टेकली. "देवासारखी भेटली हो बाई."

आता संध्याकाळचा प्रश्न होता. बस घरी पोचायला उशीर होणार होता. ती बाई आणखी भात घेऊन आली. पण बांधून द्यायचे खोके गल्ल्याशेजारी होते, तिथेच दाण्याच्या रस्स्याचं भांडं उघडं. आसावरी खोक्यांकडे बघून थबकली.

"थांब," दिगंबर म्हणाला. "आपला डबा हाय की."

त्याने गोळ्या आणि चष्मा खिशात टाकला आणि मला टेबलावर ठेवलं. मी चमकत होतो.

"बाबा, यात नको म्हटलं होतं ना?"

"तूच धुतलाय की तीनदा. ह्या खोक्यापरीस आपलं घरचं बरं."

आसावरी दमली होती. दोन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिने माझ्या आत पाहिलं. आत काहीच नव्हतं. "बरं," ती म्हणाली.

त्या बाईने मला हातात घेतलं. मला वाटलं, भरेल. पण तिने मला नाकाशी नेलं. माझ्या काठावरून नख फिरवलं, पुन्हा हुंगलं, आणि कपाळाला आठी घातली. मला खाली ठेवून ती आत गेली आणि झाकणाची एक काचेची बरणी घेऊन आली, धुतलेली, ओली. ती तिने दिगंबरपुढे सरकवली आणि माझ्याकडे बोट करून मान हलवली.

केविन बाहेर माणसं मोजत होता. विचारायला कुणी नव्हतं.

दिगंबरचा चेहरा पडला. त्याला वाटलं, तिला आपल्या भांड्याचा वास आला. आपल्या घराचा, आपल्या अंगाचा. चारचौघांत हुंगून बाजूला सारलं. तो रागावणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्याने बरणी हळूच परत सरकवली. "नको बाई," तो मराठीत म्हणाला. "आपल्या डब्यात आपलं बरं." आणि हसला. तीही कसंनुसं हसली. बाहेर केविनने शिट्टी वाजवली. भात दिगंबरने स्वतःच भरला, काठोकाठ, गरम, आणि झाकण घट्ट फिरवलं.

गिरणीत दाण्याला आच लागली की तेल सुटतं, हे दिगंबरला बत्तीस वर्षं माहीत होतं. तसंच माझं झालं. भाताच्या वाफेने काठ तापला आणि आतलं जुनं तेल हळूहळू घामासारखं सुटलं. ते मी थांबवू शकलो नाही. ते माझ्या कडेकडेने भातात उतरत होतं आणि मी मांडीवर घेतलेल्या मुलासारखा दिगंबरच्या मांडीवर होतो.

पाच वाजता निधीला भूक लागली. आसावरी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. "झोपू दे आईला," दिगंबर म्हणाला. बाटलीतल्या पाण्याने हात धुतले आणि भरवायला लागला. मधला भात आधी. मग कडेचा.

"आजोबा, माय माउथ इज इची."

"काय गं?"

तिने ओठ चोळले. मग गळा. तो तिच्याकडे पाहतच राहिला, अर्धा घास हातात. आणि मग हळू बोलणारा तो माणूस एवढ्या मोठ्याने ओरडला की मी त्याच्या मांडीवरून खाली पडलो. "आसावरी!"

पुढचं मी बसच्या जमिनीवरून पाहिलं. बहुतेक पावलंच. आसावरीचे गुडघे टेकले. पेनचा खट्ट आवाज. बस रस्त्याच्या कडेला थांबली. केविन फोनवर ओरडत होता. ती चिनी म्हातारी टोपीने वारा घालत होती आणि रडत होती. मग सायरन.

निधी वाचली. हे आधीच सांगायला हवं होतं. दोन दिवस हॉस्पिटलात राहिली आणि वाचली.

पण त्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. "त्या बाईने काहीतरी घातलं," आसावरी म्हणत होती. "मी विश्वास ठेवला, अरुण. दोन दिवस एकटी बघत होते मी, आणि शेवटी विश्वास ठेवला." अरुण गाडी हाणत आला होता. त्याने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधूनच बस कंपनीला फोन केला, मग त्या हॉटेलला. तो कधी एवढ्या मोठ्याने बोलत नाही.

दिगंबर बाकावर बसला होता आणि मी त्याच्या पिशवीत. कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्याने मला काढलं. झाकण उघडलं. काठावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

सुवर्णाची चटणी. लसूण, तिखट, खरपूस दाणा.

ती बाई का हुंगत होती ते त्याला तेव्हा कळलं.

तो लगेच बोलला असता तर? मी पुष्कळदा विचार करतो. अरुणचा फोन तेव्हा चालूच होता. पण बोललं की ती दहीभाताची वाटी गेली, हे त्याला कळत होतं. नातीच्या तोंडात घास घालणारा हात तिच्या जिवावर उठला, हे एकदा सगळ्यांना कळलं की संपलं. त्याने झाकण लावलं. तो पाच दिवस गप्प राहिला. जेवला नाही. गोळ्याही घेतल्या नाहीत.

सहाव्या दिवशी सकाळी तो मला घेऊन खाली आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. पहिल्या दिवशी ठेवलं होतं तिथेच.

"हुंगा," तो म्हणाला.

अरुणने हुंगलं. आईच्या चटणीचा वास मुलाला कळायला वेळ लागत नाही. तो खाली बसला.

"त्या बाईला कळलं होतं," दिगंबर म्हणाला. "तिनं बरणी दिली होती. मी घेतली न्हाई."

आसावरी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "पाच दिवस, बाबा?"

अरुणने हॉटेलला पुन्हा फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, ती बाई आता इथं नाही. तक्रार आली त्याच दिवशी तिला काढलं. कुठे गेली माहीत नाही. नाव विचारलं तर म्हणाला, सगळे तिला आमच्या भाषेत ताई म्हणायचे.

दिगंबरने एक पत्र लिहायचं ठरवलं. त्याने मराठीत सांगितलं, अरुणने इंग्रजी केलं, मे लिनने चिनीत लिहिलं. 'बाई, तुमचा भात चांगला होता. चूक माझ्या डब्याची होती. तुम्ही डबा हुंगलात तेव्हा मला राग आला. मला लवकर बोलायला हवं होतं. माझी नात बरी आहे.' खाली त्याने मराठीत सही केली, ठिपके पाडल्यासारखी सावकाश. पाकिटावर हॉटेलचा पत्ता आणि वर चिनीत एवढंच, 'स्वयंपाकघरातल्या बाईंना'. तीन आठवड्यांनी पाकीट न उघडताच परत आलं. वर टपालखात्याची पिवळी चिठ्ठी चिकटवलेली.

त्या तीन आठवड्यांत वाटी आसावरीच्याच हातात होती. कुणी त्याला नको म्हणालं नाही. कुणी ये म्हणालं नाही. एकदा निधी त्याच्या मांडीवर येऊन बसली आणि त्याने केळं सोलून पुढे धरलं. तिने आधी आईकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं, लहान मुलं पाहतात तसं. दिगंबरने केळं खाली ठेवलं.

सप्टेंबरात तो बार्शीला परत गेला. जाताना त्याने मला नेलं नाही. परत आलेलं पाकीट न फोडता घडी करून माझ्यात ठेवलं, सोबत ते चिनी कार्ड ठेवलं आणि अरुणला म्हणाला, "ती बाई कधी सापडली तर दे. मला नेऊन काय करायचं."

फोनवर तो निधीशी बोलायचा. "जेवलीस का?" विचारायचा. काय जेवलीस, हे मात्र त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. २००८ च्या जानेवारीत तो गेला. मधल्या तीन वर्षांत अरुणने कितीदा तिकीट पाठवतो म्हटलं होतं, पण तो आला नाही.

बातमी आली त्या दिवशी निधी तळघरात आली. आता ती नऊ वर्षांची आहे. तिने मला फळीवरून काढलं, झाकण फिरवलं, पाकीट पाहिलं, त्यावरच्या अक्षरांसारखीच कार्डावरची अक्षरं पाहिली. माझ्यावरचे ठिपके बोटाने चाचपले. "दि. ना. ख..." एवढं तिला वाचता आलं. मग झाकण लावलं, मला जागेवर ठेवलं आणि वर जाऊन हात धुतले. नळाचा आवाज मला बराच वेळ येत होता. तिने ते बरोबरच केलं.

तर असा मी. पार्सिपनीच्या एका तळघरात, रंगाच्या डब्यांच्या आणि जुन्या खेळण्यांच्या मधे. माझ्यावर नाव आहे, छत्तीस वर्षांपूर्वी पाडलेलं, अजून एक ठिपका पुसलेला नाही. पण ज्या बाईचं पत्र मी सांभाळतोय तिचं नाव कुणीच विचारलं नव्हतं. तिने कढई दाखवली, तेल दाखवलं, हात दाखवले, आणि आम्ही तिला आमचा काठ दाखवला नाही.

हातावर भाजल्याचे डाग असलेली, भांडं हुंगून बघणारी कुणी बाई तुम्हाला कुठल्या स्वयंपाकघरात भेटली, तर तिला सांगा, तिचं एक पत्र इथं आहे. तिने माझा वास घेतला होता तो खरा होता.

आणि मला कुणी खाली काढलंच, तर माझ्यात पुन्हा भात भरू नका.